शब्दाविना नौकागीत : मेंडेल्सझोनची एक व्हेनिसी रचना

फेलिक्स मेंडेल्सझोन याने ऑक्टोबर १८३० मध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, व्हेनिस येथे पियानोसाठी एक छोटी रचना लिहिली. ‘शब्दाविना गीते’ या मालेच्या पहिल्या संचातील (ओपस १९) ती सहावी व अखेरची रचना होय. मालेतील बहुतेक रचनांना त्याने शीर्षक दिले नाही; हिला मात्र ‘व्हेनिसचे गोंडोलागीत’ असे नाव दिले. शब्द वगळून ‘गीत’ ही संज्ञा राखणे तौलनिक साहित्याभ्यासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कारण व्हेनिसच्या नावाड्यांची ख्याती मुळात काव्याशी जोडलेली होती.

टासोचे ‘जेरूसलेमे लिबेराता’ (१५८१) हे महाकाव्य नावाडी मुखोद्गत गात, अशी नोंद रूसोच्या १७६८ च्या संगीतकोशात आढळते. १७८६ मध्ये गटे व्हेनिसला गेला, तेव्हा ही प्रथा इतकी विरळ झाली होती की ते गायन त्याला मुद्दाम सांगून करवून घ्यावे लागले. त्याच्या वर्णनानुसार ती चाल प्रार्थनागीत आणि सस्वर पठण यांच्या मधली असून तिला ताल नव्हता. एक गायक कडवे म्हणे. दूरवरचा दुसरा पुढच्या कडव्याने उत्तर देई. लिडोच्या बाजूच्या कोळ्यांच्या बायका समुद्रावर गेलेल्या पतींना संध्याकाळी अशीच साद घालीत, असेही तो नोंदवतो. १८१८ मध्ये बायरनने ‘चाइल्ड हॅरल्ड’च्या चौथ्या सर्गात टासोचे हे पडसाद विरल्याचे म्हटले.

या पार्श्वभूमीवर मेंडेल्सझोनची रचना लोकगीताचे जतन करते, हे सर्वसाधारण मत तपासून पाहावे लागते. तिचा सहा मात्रांचा डुलता ठेका नावेच्या हेलकाव्याचा आहे. टासोच्या तालमुक्त गायनाचा नव्हे. बंगालमधील भटियाली आणि सारी यांच्यातील भेद येथे उपयुक्त ठरतो: प्रवाहाबरोबर सैल सोडलेल्या नावेतील भटियाली तालाच्या बंधनातून मोकळी असते, तर सारीगान वल्ह्यांच्या आघाताला बांधलेले असते. नौकागीत म्हणजे ठेका, हे समीकरण म्हणूनच अपुरे आहे.

त्याहून महत्त्वाचा बदल दोन स्वरांच्या नात्यात घडतो. गटेने ऐकलेले गायक एकामागून एक गातात. त्यांच्यामध्ये पाण्याचे अंतर असते आणि उत्तर येईल की नाही, ही अनिश्चितता असते. मेंडेल्सझोनच्या जी मायनरमधील सुरावटीत दोन स्वर बहुतांशी एकत्र, समांतर चालतात. प्रतीक्षा संपते आणि संवादाचे युगुलगीत होते. दोन्ही आवाज एकाच वादकाच्या हाती येतात.

संगीतातील आशय शब्दांत मावत नाही तो संदिग्ध असल्यामुळे नव्हे, तर शब्दांहून अधिक निश्चित असल्यामुळे, अशी भूमिका मेंडेल्सझोनने १८४२ च्या एका पत्रात मांडली. या रचनेत निश्चित काय आहे, असे विचारल्यास उत्तर श्रोत्याच्या जागेकडे नेते. गाणाऱ्याचे काव्य आणि वाट पाहणाऱ्या स्त्रीची साद तीत नाही; पाण्यावरून येणारे गाणे ऐकणाऱ्या प्रवाशाचा अनुभव मात्र आहे. तिचे सौंदर्य त्यामुळे उणावत नाही. मात्र मौखिक परंपरेचा पुरावा म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या अभ्यासकाने ‘गीत’ या शब्दावर विसंबण्यापूर्वी, त्यात कोणाचा आवाज उरला आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.