जाळ्यासकट

मीरा रोडला गॅलरी म्हटली की कबुतरजाळी आलीच. परवा आमच्या जाळीआड बसून भाचीला मोबाइलवर ‘एक अनेक और एकता’ हा अ‍ॅनिमेशनपट दाखवला. १९७४ सालचा, फिल्म्स डिव्हिजनचा, जेमतेम सात मिनिटांचा. आमची पिढी दूरदर्शनवर हे बघतच मोठी झाली. तात्पर्य तर नावातच सांगून टाकलंय. मग बघायचं काय?

बघायचं ते विजया मुळे यांचं दिग्दर्शन. सुरुवात उपदेशाने होत नाही, एका शब्दाने होते. मुलांचं ‘अनेक’पाशी अडतं. त्यांची ताई व्याख्या सांगत बसत नाही. आकाशात एकामागून एक चांदण्या उगवतात, एका खारीच्या पुष्कळ खारी होतात आणि अर्थ आपसूक कळतो.

मग दाणे, पाखरं, जाळं. गोष्ट पंचतंत्रातली. तिथे चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आहे. उंदीर त्याचे पाश कुरतडायला येतो, तेव्हा तो म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड. राजा थोर खराच, पण मुळेबाईंनी तोच गाळला. इथे पाखरं आपली आपण, सगळी मिळून, जाळ्यासकट भुर्रकन उडतात. सरकारी पैशाने काढलेल्या चित्रपटात पुढारी नसावा, हे मला भारी आवडतं.

त्याहून आवडती जागा अगदी छोटी आहे. गोष्ट ऐन रंगात असताना एक पोर मध्येच विचारतं, ‘व्याध?’ ताई चिडत नाही. पाखरं पकडणारा, एवढं सांगते आणि पुढे निघते. २०२५च्या जुलैत आमच्या मीरा रोडने भाषेवरून मोर्चे पाहिले. त्यानंतर ती दोन सेकंदं मला फार मोठी वाटायला लागली आहेत.

पुढे मुलांना आंबे तोडायचे असतात, तेव्हा ताई म्हणते, जुगत करावी लागेल. म्हणजे नुसती एकी करून भागत नाही, डोकंही चालवावं लागतं. हा धडा नावात नाही, म्हणून बहुतेकांच्या लक्षातही नाही.

संगीत वसंत देसाईंचं, आवाज बालवयातल्या साधना सरगम यांचा. शेवटचं देशगीत मात्र मला जरा प्रार्थनेच्या तासासारखं वाटतं. अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं. याच माणसाने १९७७ मध्ये ‘घरौंदा’ काढला, मुंबईत घर घेऊ पाहणाऱ्या आणि बिल्डरकडून फसलेल्या जोडप्याचा. मुंबईच्या वेशीबाहेरचा आमचा मीरा रोड म्हणजे त्याचा उत्तरार्धच म्हणायचा.

चित्रपट संपला तरी भाची गॅलरीतून हलेना. दोन्ही हातांनी जाळी ओढून बघत होती.

“मामा, ही नाही उडणार,” ती म्हणाली. “हुक मारलेत.”