आरसा आणि सहृदय

रसचर्चेंत अलीकडे एका नव्या साक्षीदाराला वारंवार पाचारण करण्यांत येत असतें. हा साक्षीदार म्हणजे मेंदूंतील ‘मिरर न्यूरॉन’. आपण त्याला दर्पण-पेशी म्हणूं. इटलींतील पार्मा येथें रिझोलात्ती व त्यांचे सहकारी माकडांच्या मेंदूचा अभ्यास करीत असतां त्यांना असें आढळलें कीं, माकड स्वतः खाद्य उचलतें तेव्हां ज्या पेशी चेततात, त्यांपैकीं कांहीं, दुसऱ्यानें तें उचललेलें नुसतें पाहिलें तरीहि चेततात. १९९२ सालीं हा शोध प्रसिद्ध झाला. पेशींना हें नांव १९९६ सालीं मिळालें. नाटक पाहून डोळ्यांत पाणी कां येतें, याचें उत्तर आतां सांपडलें, असें मानणारे टीकाकार तेव्हांपासून वाढत आहेत. हें उत्तर कितपत पुरेसें आहे?

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील केशोरी येथें एकदां दंडार पाहण्याचा योग मला आला. दिवाळीनंतर झाडीपट्टींत मंडईचे दिवस सुरू होतात आणि दंडारी व नाटकें रात्र रात्र चालतात. माझ्या शेजारीं घोंगडी पांघरून एक वृद्ध शेतकरी बसले होते. नाचणाऱ्याचें पाऊल पडण्यापूर्वींच त्यांच्या पायाचा अंगठा धुळींत हालत होता. मी मात्र हाताची घडी घालून रसग्रहण करीत होतों! तरुणपणीं आपण दंडारींत स्त्रीवेष घेऊन नाचत असूं, असें त्यांनीं मध्येंच सांगितलें, आणि हंसून म्हणाले, “पाय आयकत नाई जी.” शहरी मंडळी खेड्यांतील प्रेक्षकाच्या ज्या भाबडेपणाविषयीं बोलतात तो हाच, अशी नोंद मीं मनाशीं केली. ती नोंद आज मला खोडावी लागत आहे.

२००५ सालीं लंडन येथें काल्वो-मेरिनो व त्यांचे सहकारी यांनीं बॅले नर्तकांना आणि कापोएरा ही ब्राझीलची कला जाणणाऱ्यांना दोन्ही प्रकारच्या चित्रफिती दाखविल्या. ज्याला जी कला येत होती तिच्या चाली पाहतांना त्याच्या मेंदूंतील हालचालीशीं निगडित भाग अधिक जागृत झाले. पुढील वर्षीं प्रश्न अधिक सूक्ष्म केला गेला. बॅलेंतील स्त्रीपुरुष एकमेकांच्या चाली नित्य पाहतात, पण करतात त्या आपापल्याच. नुसत्या पाहून ओळखीच्या झालेल्या चालींपेक्षां अंगवळणीं पडलेल्या चालींना मेंदूचा प्रतिसाद अधिक मिळाला. म्हणजे त्या मंडपांत सहृदय कोण होता? अभिनवगुप्तानेंहि सहृदयाचें वर्णन करतांना मनाच्या आरशाचाच दृष्टांत घेतला आहे. मात्र त्याचा आरसा उपजत लखलखीत नाहीं, काव्याच्या अभ्यासानें तो स्वच्छ व्हावा लागतो. माझा आरसा पुस्तकांनीं घांसलेला होता; दंडारीपुढें तो आंधळा ठरला.

तरीहि दर्पण-पेशींनीं निम्मेंच काम होतें. १९२१ सालीं बडोद्याच्या साहित्यसंमेलनांत तात्यासाहेब केळकरांनीं ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशीं एकरूप होतो, पण स्वतःची भूमिका सोडीत नाहीं, हें तिचें मर्म. तिच्यावर पुढें पुष्कळ टीका झाली. मला स्वतःला ती ‘समाधी’पेक्षां ‘सविकल्प’ या विशेषणामुळें मोलाची वाटते. २०१० सालीं लॉस एंजल्स येथें अपस्माराच्या २१ रुग्णांच्या मेंदूंत उपचारासाठीं बसविलेल्या विद्युत्-तारांवरून पेशींचें निरीक्षण झालें. कृति करतांना व पाहतांना सारख्याच चेतणाऱ्या पेशी तेथें आढळल्याच. पण कांहीं अशाहि आढळल्या कीं, ज्या कृति करतांना चेतत आणि तीच कृति दुसऱ्याची पाहतांना उलट मंदावत. आपण आणि पर यांतील भेद राखण्यास त्या साहाय्य करीत असाव्यात, असें संशोधकांनीं सुचविलें. वृद्धांचा अंगठा हालला. ते उठून रंगमंचावर चढले नाहींत.

कलेच्या बऱ्यावाईटाचा निवाडा मात्र कोणी या पेशींवर सोंपवूं नये. खाद्य उचलणारा हात पाहूनहि त्या चेततात. दुसऱ्याच्या कृतीचा अर्थ त्यांच्यामुळेंच कळतो, या दाव्यालाहि ग्रेगरी हिकॉक यांनीं २०१४ सालच्या आपल्या ग्रंथांत सविस्तर आव्हान दिलें आहे.

त्या रात्रीं, उजाडण्याच्या सुमारास, धुळींतला तो अंगठा एकदम थांबला. “चुकला,” वृद्ध हळूच म्हणाले. मीं रंगमंचाकडे निरखून पाहिलें. पोरगा झोकांत नाचत होता आणि लोक टाळ्या वाजवीत होते. काय चुकलें, तें मला दिसलें नाहीं.