दालनाचे दार आणि भिंतीचा हक्क

गेल्या काही वर्षांत कलादालने आणि वस्तुसंग्रहालये यांच्या कार्यक्रमपत्रिकांत एका शब्दाने मानाची जागा पटकावली आहे. तो शब्द म्हणजे ‘सर्वसमावेशक’. वस्तीतील मुले, दिव्यांग व्यक्ती, घरकामगार स्त्रिया, आदिवासी, वृद्ध अशा, ज्यांची पावले एरवी दालनाच्या पायरीकडे वळत नाहीत त्यांना निमंत्रित करून कागद, रंग वा शाडूची माती त्यांच्या हाती देणारी कार्यशाळा भरविणे, हे आता दालनाच्या सामाजिक जाणिवेचे प्रमाणपत्र मानले जाते. या उपक्रमांचे स्वागत व्हावयास हवे, याविषयी दुमत नाही. तथापि स्वागत करणे म्हणजे समीक्षा थांबविणे नव्हे. आमचा प्रश्न साधा आहे. या कार्यशाळांतून शोषित समाजाला जागा मिळते ती चटईवर, की भिंतीवर?

हा प्रश्न सावेडीतून विचारण्यास कारण आहे. सावेडी हे अहिल्यानगर शहराचे सुशिक्षित, नोकरदार वसाहतींचे उपनगर होय. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे महत्त्व अशा वसाहतींतील पालकांना चांगले ठाऊक असते, कारण त्यांतील यशाबद्दल दहावीला वाढीव गुण मिळतात. शहरात महावीर कलादालन आहे. चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांनी पेन्सिलीने रेखाटलेले शेकडो भारतीयांच्या व्यक्तिचित्रांचे भव्य चित्र तेथे पाहावयास मिळते. म्हणजे कला या शहराला परकी नाही. परंतु वर्गाचे शुल्क, रंगपेटी आणि रिकामा रविवार ही त्रयी ज्याच्यापाशी नाही, त्याला ती परकीच राहते. शिवाय याच जिल्ह्याच्या नावाशी सोनई (२०१३) आणि खर्डा (२०१४) येथील हत्याकांडे कायमची जोडली गेली आहेत. जातीची रेषा ओलांडल्याच्या नुसत्या संशयाने जेथे तरुणांचे प्राण घेतले गेले, तेथे ‘एकत्र बसून चित्र काढू या’ हे आवाहन सुट्टीतील करमणूक राहत नाही. ते एक सामाजिक विधान ठरते आणि म्हणूनच त्याची कठोर तपासणी झाली पाहिजे.

या तपासणीचे निकष आम्हांस बाहेरून आणण्याची गरज नाही. पुणे करारानंतर स्थापन झालेल्या आणि पुढे हरिजन सेवक संघ या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेचे चिटणीस अ. वि. ठक्कर यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९३२ मध्ये एक सविस्तर पत्र लिहिले. उद्धाराच्या दोन पद्धती असू शकतात, अशी त्यांची मांडणी होती. पहिल्या पद्धतीत व्यक्तीचे गुण वाढविण्यावर भर असतो. त्यासाठी वाचनालये, व्यायामशाळा, शाळा काढल्या जातात. दुसरी पद्धत ज्या परिस्थितीत ती व्यक्ती जगते, त्या परिस्थितीलाच हात घालते. बाबासाहेबांनी संस्थेने दुसऱ्या पद्धतीवर शक्ती केंद्रित करावी, नागरी हक्क आणि समान संधी यांची मोहीम उघडावी, असे सुचविले. संस्थेने तो मार्ग धरला नाही आणि बाबासाहेब तिच्यापासून दूर झाले. आजच्या बहुतेक कार्यशाळा पहिल्या पद्धतीच्या आहेत. त्या मुलाची अभिव्यक्ती फुलवितात, त्याचा आत्मविश्वास वाढवितात. परंतु दालनात काय टांगावे, हे ज्या परिस्थितीत ठरते तिला त्या स्पर्शही करीत नाहीत.

कलेतील सामुदायिक सहभाग ही कल्पना नवी आहे, असे जे सुचविले जाते तेही इतिहासाला धरून नाही. आमच्या शेजारच्या नाशिक व जुन्नर येथील लेण्यांचे शिलालेख त्याची साक्ष देतात. नाशिकच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर धंभिक ग्रामस्थांच्या दानाची नोंद आहे. तेथीलच एक लेणे मुगुदास नावाच्या कोळ्याने दिलेले आहे. जुन्नरला धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. कार्ल्याच्या चैत्याचे दार करणाऱ्या धेनुकाकटच्या सामी या सुताराचे नाव दगडावर कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर तर विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी, येथील कोरीवकाम आपण केले, असे सांगून ठेवले आहे. येथे तीन गोष्टी एकत्र येतात: श्रम, नाव आणि भिंत. कोळी, सुतार, खेडूत यांना कोणी ‘समाविष्ट’ करून घेतलेले नाही. ते दाते आहेत, आणि दाता कधी आश्रित नसतो.

अर्थात या इतिहासाचे भाबडे गौरवीकरणही आम्हांस मान्य नाही. त्याच नाशिकला उषवदाताची आणि गौतमी बलश्रीची भव्य लेणी आहेत. सत्तेची आणि संपत्तीची विषमता तेथेही स्पष्ट दिसते. अजिंठ्याला सोळाव्या लेण्यात मंत्री वराहदेवाचे आणि सव्विसाव्या लेण्यात भिक्षू बुद्धभद्राचे नाव वाचता येते. परंतु ज्यांच्या चित्रांसाठी जग तेथे येते, त्या चित्रकारांना आपण नावाने ओळखत नाही. निर्मात्याला विसरून आश्रयदात्याला लक्षात ठेवण्याची संस्थांची सवय जुनी आहे आणि आमचा वारसाही तिच्यापासून सर्वस्वी मुक्त नाही. म्हणूनच सामी सुताराचा तो एक लेख आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आता वर्तमानाकडे वळू. महाराष्ट्रातील शाळांत आणि दालनांत नित्य भरणारी कार्यशाळा म्हणजे वारली चित्रांची. गेरूच्या रंगाचा कागद, पांढरा रंग, त्रिकोणी देह आणि तारप्याभोवतीचा फेर हे दोन तासांत शिकविले जाते. परंतु वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे होते. १९७० च्या दशकारंभी भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला शहरापर्यंत पोहोचली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड दालनात जिव्या सोमा म्हसे यांचे प्रदर्शन झाले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हसे यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. तरीही चौक लिहिणाऱ्या त्या असंख्य स्त्रियांची नावे दालनाच्या दारापाशीच गळून पडली, हेही तितकेच खरे. आज शहरी कार्यशाळेत शिकविणारी व्यक्ती वारली नसते, शिकणारे वारली नसतात, आणि तरी त्या दुपारचे नाव ‘वारली’ असते. याला समावेश म्हणावयाचे काय?

याहून आशादायक उदाहरण धारावीचे आहे. स्त्रिया व बालकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या संस्थेने तेथील रहिवाशांबरोबर दीर्घकाळ कार्यशाळा घेतल्या आणि २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘अ‍ॅली गली बिएनाले’ या नावाने त्यांतील कलाकृतींचे प्रदर्शन भरविले. विशेष म्हणजे ते धारावीतच भरले. वस्ती दालनाकडे गेली नाही, प्रेक्षक वस्तीकडे आले. भिंत कोणाची, या प्रश्नाचे हे उत्तर आम्हांस महत्त्वाचे वाटते. मात्र एक शंका उरते. या साऱ्याचा केंद्रविषय आरोग्य होता. संस्थेचे कार्यक्षेत्र पाहता ते स्वाभाविकच म्हणावे लागेल. परंतु कष्टकऱ्याने रंग हाती घेतला की त्याने आपले दुखणेच रंगवावे, ही अपेक्षा एकंदर अशा उपक्रमांत वारंवार दिसते. सावेडीतील वकिलाच्या मुलाने फुलपाखरू काढले तर ती कल्पकता, आणि झोपडपट्टीतील मुलीने ते काढले तर विषयांतर! आपला विषय आपण निवडण्याचा अधिकार हा कलेतील पहिला नागरी हक्क होय.

दिव्यांग व्यक्तींच्या बाबतीत तर हा हक्क कायद्यानेच मान्य केला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनातील त्यांच्या सहभागाविषयी असून कला त्यांना सुगम करून देण्याची जबाबदारी त्यात शासनावर टाकली आहे. असे असता वर्षातून एक दिवस अंध मुलांना माती हाताळू देऊन उरलेले तीनशे चौसष्ट दिवस ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी कायम ठेवणे, यास समावेश म्हणता येणार नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार नसलेल्या दालनाचे निमंत्रण म्हणजे बंद दारावर लावलेले तोरण होय.

तेव्हा कोणत्याही कार्यशाळेचे मूल्यमापन चार प्रश्नांनी व्हावे, असे आम्ही सुचवितो. विषय आणि माध्यम कोणी ठरविले? शिकविणाऱ्यांत त्या समाजातील कलावंत होते काय, आणि त्यांना मानधन मिळाले काय? निर्मात्याचे नाव त्याच्या कलाकृतीखाली लिहिले गेले, की ‘वस्तीतील सहभागी’ एवढ्यावर भागविले? कार्यशाळेनंतर ती कलाकृती भिंतीवर किती दिवस राहिली आणि शेवटी कोणाच्या मालकीची झाली? रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाची एक दुपार म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी असते. ती बुडवून त्याने दालनाच्या वार्षिक अहवालासाठी छायाचित्रात हसावे, हा व्यवहार न्याय्य नाही.

शेवटी हे प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारले पाहिजेत. १९९०-९१ च्या जन्मशताब्दी वर्षात आणि त्यानंतर बाबासाहेबांची कितीतरी चित्रे वस्त्यांतील पाट्या रंगविणाऱ्या कलाकारांनी भिंतींवर, फलकांवर, कापडावर साकारली. त्यांतील किती जणांची नावे आम्ही जपली? आज जयंतीच्या मिरवणुकीत छापील फ्लेक्स आले. त्यावर देणगीदारांची छायाचित्रे असतात आणि रंगवणारा हात मात्र नाहीसा झाला आहे. दालनावर जो आक्षेप आम्ही घेतो, तो येथेही तंतोतंत लागू पडतो. विहारांना भिंती आहेत, सभागृहे आहेत, रविवारी एकत्र येणारी मुले आहेत. तेथे वस्तीतील चित्रकाराला गुरुजी म्हणून सन्मानाने बोलवावे, त्याला मानधन द्यावे, मुलांनी काढलेली चित्रे वर्षभर भिंतीवर ठेवावीत, प्रत्येक चित्राखाली नाव लिहावे आणि पायऱ्यांशेजारी एक उतार बांधावा. यासाठी कोणत्याही दालनाच्या परवानगीची आवश्यकता नाही. दालनांकडे हक्क मागताना, आपल्या भिंतीवर आपण तो आधीच दिलेला आहे, असे आम्हांस सांगता आले पाहिजे.