धनुष्य, मृग आणि पापक्षालन

तंजावर व कुंभकोणम यांच्या दरम्यान असलेल्या पापनाशम या गावी रामलिंगस्वामीचे मंदिर असून तेथे १०८ शिवलिंगे आहेत. खर-दूषणांच्या वधाचा दोष फेडण्यासाठी रामाने त्यांची पूजा केली, अशी स्थलकथा आहे. युद्ध धर्म्य होते, शत्रू राक्षस होते; तरी बाण सोडणाऱ्याचे उत्तरदायित्व तेवढ्याने संपत नाही, हा या कथेचा आशय होय. भारतीय मृगयाकथांचा विचार याच आशयाच्या आधारे करणे उचित ठरेल.

धनुष्याची मृगया ही निकटतेची मृगया आहे. मोकळ्या माळावरील काळवीट दुरूनच सावध होतो. म्हणून वाऱ्याची दिशा सांभाळीत, झुडपांच्या आडोशाने शिकाऱ्याला त्याच्याजवळ जावे लागते. ज्याला मारावयाचे त्याला नीट पाहणे ही तिची अट. महाकाव्यांतील शोकपर्यवसायी मृगया या अटीच्या भंगातून जन्मतात. घागर भरण्याचा ध्वनी ऐकून दशरथ हत्तीच्या भ्रमाने शब्दवेधी बाण सोडतो. पांडू रतिमग्न मृगयुगुल पाहतो, पण त्या क्षणाचे पावित्र्य ओळखीत नाही. जरा व्याध योगस्थ कृष्णाला मृग समजतो. तिघांचाही नेम अचूक आहे. चुकली आहे ती दृष्टी.

कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या प्रथमांकात हा प्रश्न अधिक अवघड केला आहे. रथातून पाठलाग करणारा दुष्यंत मृगाला पुरतेपणी पाहतो, त्याच्या वळलेल्या मानेचे रसिकतेने वर्णनही करतो. परंतु त्याचा बाण मागे फिरतो तो तपस्व्याच्या शब्दाने. केवळ सौंदर्यदृष्टी हात आवरीत नाही, हे येथे कवी सुचवितो.

आफ्रिकेतील सान लोकांची कथने या संदर्भात उद्बोधक आहेत. ब्लीक व लॉइड यांनी १८७०च्या दशकात केपटाऊन येथे ती टिपून घेतली. विषारी बाण एलंड या विशाल कुरंगाला लागल्यावर शिकारी स्वतःच घायाळ झाल्याप्रमाणे लंगडत, संथपणे परततो. तो वेगाने चालला तर मृगालाही बळ येईल, अशी श्रद्धा. आपल्याकडे वेदना शाप वा प्रायश्चित्त होऊन मागाहून येते. तेथे ती मृगयेचेच अंग आहे.

मराठी शिकारकथेचे मूल्यमापन बहुधा साहस व निसर्गवर्णन यांवर थांबते. बाण सुटल्यानंतर निवेदकाची दृष्टी कोठे वळते, हेही समीक्षकाने तपासावयास हवे.