‘असुडा’तील मातीचा विचार

महात्मा जोतीराव फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ १८८३ साली लिहून पुरा झाला. त्याचे आरंभीचे काही भाग ‘दीनबंधू’ पत्रात आले; पुढचे छापणे मात्र थांबले, आणि संपूर्ण ग्रंथ लेखकाच्या हयातीत पुस्तकरूपाने निघालाच नाही. १९६९ साली धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयामुळे तो सर्वसाधारण वाचकांच्या हाती आला. तेव्हापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्यातील बहुतेक लिखाण भटशाही, सावकारी आणि सरकारी नोकरशाही यांवरील प्रहारांविषयी आहे. शेवटच्या, म्हणजे पाचव्या, प्रकरणातील उपाययोजनेकडे टीकाकार एखाद्या अर्जाला जोडलेल्या पुरवणीसारखे पाहतात. आमचे मत याच्या उलट आहे. असुडाचा फटकारा पहिल्या प्रकरणांत ऐकू येतो हे खरे. पण तो ज्या कळकळीने उगारला आहे ती या उपायांतच सापडते.

जोतीराव तेथे काय सांगतात? डोंगरउतारावरचे पावसाचे पाणी एकंदर शेतांतून मुरून मग नदीनाल्यास मिळावे, यासाठी जागोजाग ताली व बंधारे घालावेत, आणि ते काम पलटणीतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून करून घ्यावे. नद्यांतला व तलावांतला गाळ शेतकऱ्यांस पूर्वीप्रमाणे मोफत नेऊ द्यावा. जंगलखात्याने गिळलेली गायराने गावांस परत करावीत. जमिनीखालचे झरे शोधण्यास पाणाड्यांचे साहाय्य घ्यावे. या सर्वांच्या मुळाशी एकच जाणीव आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचे शेण, कुजलेली पाने ही पावसाबरोबर शेतात उतरत आणि जमीन पुष्ट करीत. ती वाट बंद पडली, उलट मातीच वाहून जाऊ लागली, तेव्हा शेतकरी भिकेस लागला. त्याची ही भीक केवळ आळसाची किंवा लग्नखर्चाची नव्हे, असे त्या काळच्या साहेबांस आणि आमच्या सुशिक्षितांसही बजावणारा हा पहिल्या काही मराठी लेखकांपैकी एक. डॉ. व्होल्कर नावाचे इंग्रज रसायनज्ञ १८८९ साली हिंदुस्थानात आले. सरपणाच्या अभावी शेण चुलीत जाते आणि शेत उपाशी राहते, येथील कुणबी अडाणी नाही, असे त्यांनी १८९३ च्या अहवालात नमूद केले, आणि शेतकीखात्यात त्याची वाखाणणी झाली. जोतीराव त्यांच्या दहा वर्षे आधी त्याच दिशेने विचार करीत होते. ते स्वतः मांजरीस शेती करीत आणि त्यांनी बांधकामाची कंत्राटेही घेतली होती. माती व पाणी त्यांनी ग्रंथांतून ओळखले नव्हते.

भाषेविषयी एक शब्द. जोतीरावांचे वाक्य लांबच लांब जाते, श्वास घेत नाही, आणि नेटक्या गद्याची सवय असलेल्या वाचकास ते ओबडधोबड वाटते. इंग्रजीत विल्यम कॉबेटच्या ‘रूरल राइड्स’ या १८३० च्या पुस्तकाचे कौतुक करणारे आमचे व्यवसायबंधू हाच गुण मराठीत दोष म्हणून दाखवितात, याची मौज वाटते. शेतकऱ्याच्या घरातील एकेक वस्तू मोजीत जाणारे ते वर्णन वाचावे. त्या याद्यांत जे दारिद्र्य दिसते ते पुढच्या काळातील पुष्कळ ग्रामीण कथांत शोधूनही सापडत नाही.

तथापि ग्रंथास मर्यादा आहेत, आणि त्या झाकण्यात लेखकाचा गौरव नाही. एक तर तो सर्वस्वी देशावरचा आहे. दुसरे असे की, ज्या सरकारवर जोतीरावांनी एवढे कोरडे ओढले त्याच्याच हाती त्यांनी कुदळ दिली. ताली शिपायांनी घालाव्या; गावाने एकत्र येऊन घालाव्या, असे त्यांस का सुचले नाही?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही राहतो त्या नवी मुंबईच्या मातीत शोधण्याजोगे आहे. ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी १९७० पासून सिडकोच्या नियोजित शहरासाठी घेण्यात आल्या. त्यांत मिठागरे होती, आणि पुष्कळशी भातखाचरे खाजणातून कमावलेली होती. खाडीच्या भरतीस अडविणारा चिखलामातीचा बांध, ओहोटीस पावसाचे पाणी सोडणारी उघाडी, पहिल्या पावसाने मीठ धुऊन गेल्यावर चिखलात फेकलेले मोड आलेले बी, आणि खारेपणा सोसणारा काळा रता किंवा भुरा रता हा लाल तांदूळ, असे ते शेत. बांध एके ठिकाणी फुटला की साऱ्यांचेच शेत खारवते; म्हणून त्याची डागडुजी शेतकरी मिळून करीत. म्हणजे जोतीरावांनी शिपायांवर सोपविलेले काम येथे गावकरी स्वतः करीत होते. पण याचे फार गोडवे गाऊ नयेत. जुन्या शिलोत्री पद्धतीत बांध राखणारा शिलोत्रीदार धान्यरूपाने मोबदला घेई, आणि खोतांच्या वसुलीला कंटाळून अलिबागेजवळच्या चरीच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षे जमीन न कसण्याचा संप केला. गाव एकत्र येते, पण सर्व समान पायरीवर बसत नाहीत. जोतीरावांस हे पुरते ठाऊक होते. गावच्या पुढाऱ्यांपेक्षा त्यांनी दूरचे सरकार पत्करले ते कदाचित यामुळेच.

१९४८ साली खारभूमीचा कायदा झाला, १९७९ साली दुसरा, आणि बांधांची जबाबदारी हळूहळू सरकारी खात्याकडे गेली. सरकारच्या हाती कुदळ आली खरी; परंतु जेथे जमीन उद्या विकली जाणार असे वाटू लागले तेथे बांधावर माती टाकण्याचा उत्साह मालकासही राहिला नाही. रायगडात कित्येक ठिकाणी बांध फुटले, भरतीचे पाणी शेतात आले आणि मागोमाग खारफुटी उगवली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली खारफुटीस संरक्षण दिले. ते आवश्यकच होते. खाडीतील मासे आणि किनारा तिच्यावर जगतात. पण ज्याचे भातशेत होते त्यास आता तेथे कोयता लावता येत नाही. जंगलखात्याविषयी असुडात जी तक्रार आहे तिचे हे दुसरे रूप, आणि या वेळी झाडाची बाजूही खोटी नाही. जोतीरावांच्या तर्कशास्त्रात या पेचास जागा नाही. त्यांच्या सहानुभूतीत मात्र आहे.

जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळ जासईच्या परिसरात भूसंपादनाविरुद्धच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांस साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळू लागले. भूखंडाचा भाव वाढला. त्यावर भात पिकत नाही. या शहराचा भाजीपाला व धान्य आज तुर्भ्याच्या बाजारात दूरदूरच्या जिल्ह्यांतून उतरते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र माणसास दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला, आणि तो लहान हक्क नव्हे. पण त्या कायद्याची मोजदाद गोदामाच्या दारापासून सुरू होते. असुडाची सुरू होते ती डोंगराच्या माथ्यावर, जेथून माती निघाली.

आता संपादकांस एक विनंती. आमच्या वर्गात पाचवे प्रकरण वाचताना ताल, गायरान, पाणाड्या हे शब्द अडतात. नेरुळ-बेलापुरात वाढलेल्या मुलांस उघाडी म्हणजे काय हेही सांगावे लागते, आणि त्यांपैकी काहींचे आजोबा तीच उघडझाप करीत होते. ‘असुडा’ची शेतकीच्या शब्दांचा कोश व टिपा जोडलेली एक विद्यार्थी-आवृत्ती निघावी. तिच्या टिपा लिहिताना पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातील माणसांस व खाडीकाठच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांस विचारावे. आम्हां प्राध्यापकांस ते शब्द पुस्तकातूनच ठाऊक आहेत.