दहा हजार गुणांचा सूर

दिवाळीच्या फराळाला एक अलिखित नियम आहे. ज्याच्या घरी जावे त्याच्या घरची चकली आपल्या घरच्यापेक्षा खुसखुशीत आहे असे म्हणावे. गेल्या दिवाळीत आमच्या शिरवळात मी एका घरी हा नियम पाळीत बसलो होतो. बाहेर हमरस्त्यावर खंबाटकी घाटाकडे निघालेल्या गाड्यांचा अखंड घोष चालला होता. पण आत त्याहूनही मोठा घोष होता. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर मुले आळीपाळीने मायक्रोफोन हातात घेऊन गात होती आणि गाणे संपले की पडदा गुण जाहीर करीत होता. पैकीच्या पैकी म्हणजे दहा हजार. घरातल्या आजींनीही एक गाणे म्हटले, चार हजार मिळवले आणि पदराने घाम पुसला.

मग माझ्याच शाळेतला एक मुलगा उठला. आठवीपर्यंत आमच्या शाळेची प्रार्थना त्याच्या गळ्यावर चालत असे. त्याने म्हटलेले गाणे मला तरी सुरेल वाटले. पडद्याने त्याला सहाशे गुण दिले. सगळे हसले. तोही हसला, पण ते हसणे ओठांच्या आत पोचले नव्हते. सुटी संपून शाळा उघडली तेव्हा प्रार्थनेला तो मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि त्याने तोंड उघडले नाही.

कादंबरीवर टीका लिहावी, नाटकावर लिहावी, हे रीतीला धरून आहे. खेळण्यावर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. परंतु जी वस्तू एका मुलाला गाते करते आणि दुसऱ्याचा गळा मिटवते, तिची परीक्षा करणे हे मास्तराचेही काम आहे आणि लेखकाचेही. म्हणून हा प्रपंच.

या खेळांचे मूळ जपानात आहे. 1971 साली कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने गायकाविना नुसती साथ वाजवणारे यंत्र तयार केले. नाणे टाकावे आणि साथीवर आपण गावे. हाच तो कराओके. त्यात हौस होती, परीक्षा नव्हती. परीक्षा पुढे आली. 2003 साली ‘कराओके रेव्होल्यूशन’ आणि 2004 साली सोनी कंपनीचा ‘सिंगस्टार’ हे खेळ निघाले आणि गाणाऱ्याच्या सुराला गुण पडू लागले. ‘सिंगस्टार’ची जाळ्यावरची सेवा 2020 साली बंद झाली, पण ‘अल्ट्रास्टार’सारखे फुकट मिळणारे खेळ त्याच घाटावर चालू आहेत.

आत काय चालते ते समजण्याजोगे आहे. आपण गातो तेव्हा कंठातले स्वरतंतू कंप पावतात. काळी एकच्या षड्जात गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावतात. वरच्या सप्तकातला तोच षड्ज लावला की कंपने दुप्पट होतात. यंत्र ही कंपने मोजते, सप्तकाचा भेद सोडून देते आणि आपला स्वर पेटीच्या बारा पट्ट्यांपैकी कोणत्या पट्टीच्या जवळ आहे ते ठरवते. गाण्यात त्या क्षणी जी पट्टी हवी ती आली तर गुण, नाही तर नाही. ‘अल्ट्रास्टार’मध्ये सोप्या पायरीवर दोन पट्ट्यांची चूक माफ असते, मधल्या पायरीवर एकीची, अवघड पायरीवर कसलीच माफी नाही. शब्दांशी यंत्राला कर्तव्य नसते. अभंग म्हणा की नुसते ‘हूं’ म्हणा, गुण सारखेच.

या परीक्षकाचे गुण आधी सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. तो कोणाचे तोंड पाहून गुण देत नाही. पाटलाचा मुलगा आणि बिगाऱ्याचा मुलगा त्याला सारखेच. शिवाय नवशिक्या गळ्याचे तीन ढोबळ दोष तो चटकन दाखवतो. स्वराला खालून चाचपडत जाणे हा पहिला. श्वास संपत आला की स्वर उतरणे हा दुसरा. वरचा स्वर ओरडून घेताना तो चढा लागणे हा तिसरा. स्वराची उंची जशी स्वरतंतूंच्या ताणावर तशी खालून येणाऱ्या श्वासाच्या दाबावरही अवलंबून असते. म्हणून दम सरला की सूर ढळतो आणि जोर वाढला की तो चढतो. हे वर्गातल्या चाळीस मुलांना मी तोंडाने सांगितले तर कोणाला पटणार नाही. पडद्यावर आपली रेघ घसरताना दिसली की लगेच पटते.

परंतु डोळ्याने सूर सुधारण्याला मर्यादा आहे. रेघ खाली गेलेली दिसते तेव्हा चूक होऊन गेलेली असते. त्यातून नव्या पडद्यांवर चित्र आणि आवाज किंचित उशिरा उमटतात, त्यामुळे रेघेचा पाठलाग करणारा गळा नेहमी एक पाऊल मागे राहतो. स्वर आधी कानात लागावा लागतो, मग गळ्यात. ज्याला या खेळात खरोखर गुण वाढवायचे असतील त्याने खेळ बंद करून रोज सकाळी तंबोरा लावावा. घरी नसेल तर भ्रमणध्वनीतला चालेल. पंधरा मिनिटे एकच षड्ज लावावा. आधी ऐकावे, मनात म्हणावे, मग तोंड उघडावे. मध्यम आवाजात, श्वास सरण्यापूर्वी थांबून, मग एकेक स्वर वर जावे. आपले गाणे ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. आरसा म्हणून खेळ आठवड्यातून एकदा पुरे आहे. आरशात सतत पाहून कोणाचे रूप वाढल्याचे ऐकिवात नाही.

यंत्राने गायकाचा सूर मोजण्याची हौस आजची नाही. आमच्या कृष्णाकाठाने ती शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिली आहे. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तारेची मापे घेऊन बावीस श्रुतींची स्थाने ठरवण्याचा उद्योग केला आणि 1910 साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांना गळा लाभला तो अब्दुल करीम खाँसाहेबांचा. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशांनी हे काम पुढे नेले आणि श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. 1916 साली बडोद्याला भरलेल्या संगीत परिषदेत ती पेटी मांडली गेली. बारा पट्ट्यांच्या पेटीहून ती कितीतरी सूक्ष्म होती. तरी तिच्यावर वाद माजला आणि जाणकारांनी तिला मान्यता दिली नाही. देवलांची तळमळ खोटी नव्हती. पण दरबारीचा गंधार एका जागी उभा राहतच नाही, तो झुलतो. दोन स्वरांमधली मींड म्हणजे तर निव्वळ वाट, तिला मुक्काम नाही. मुक्कामांचीच मोजदाद करणाऱ्याला वाटचाल दिसत नाही. बावीस खणांच्या पेटीत जे मावले नाही ते बारा खणांच्या खेळात मावेल अशी अपेक्षा करू नये. खाँसाहेब मिरजेला राहिले. 1937 साली ते गेले, तेव्हा मिरजेच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना मूठमाती मिळाली. त्याच मिरजेत आजही तंबोरे घडतात. तंबोरा गुण देत नाही. आपण चुकलो तर तो आपला चालूच राहतो, आणि त्याच्या शेजारी आपली चूक आपल्यालाच ऐकू येते.

आता त्या मुलाकडे वळतो. शाळा सुटल्यावर मी त्याला थांबवून घेतले आणि शाळेची जुनी पेटी काढली.

“सर, माझा सूर गेला,” तो म्हणाला. आवाज घोगरा झाला होता.

“गेला की हललाय ते बघू,” मी म्हटले. “तुला सोपा वाटेल तो सा लाव.”

त्याने लावला. मी पेटीवर शोधला, तर तो काळी एक निघाला. वर्षापूर्वी हाच मुलगा काळी चारमध्ये प्रार्थना म्हणत असे. वय वाढले, गळा फुटला आणि षड्ज खाली उतरला. पडद्यावरचे ते गाणे मूळचे एका गायिकेचे, काळी चारमधले. मुलाने त्याची चाल अचूक म्हटली होती. फक्त ती आपल्या षड्जावरून म्हटली होती. यंत्र सप्तकाचा फरक माफ करते, पट्टीचा करीत नाही. त्यामुळे त्याचा जवळजवळ प्रत्येक स्वर, तो आपल्या जागी बरोबर असूनही, चूक ठरला होता.

“म्हणजे मी बेसूर नाही?”

“तू दुसऱ्याच्या घरात आपल्या घराची किल्ली लावत होतास,” मी म्हणालो. तो हसला, आणि हे हसणे आतले होते.

या खेळावर माझा अखेरचा आक्षेप एवढाच आहे. आमच्याकडच्या कोणत्याही भजनाला जा. गाणारा पुढे येऊन बसला की पेटीवाला भाता उघडता उघडता पहिला प्रश्न विचारतो, “पट्टी कोणती?” तो गाणाऱ्याची कुवत विचारत नाही, त्याचा षड्ज विचारतो. आपल्या संगीतात मुळात स्थिर असा षड्ज नाहीच; प्रत्येकाने आपला ठरवायचा आणि बाकीचे स्वर त्याच्यापासून मोजायचे. माझ्या मते हा केवळ तंत्राचा भाग नसून माणुसकीचाही आहे. इतका हुशार खेळ घडवणाऱ्यांनी एवढा एक प्रश्न आरंभी विचारण्याची सोय केली, तर त्यांच्या दहा हजार गुणांना काही अर्थ येईल.

तोवर ज्या घरी यंदा हा खेळ रंगेल तिथल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. मुलाला सहाशे गुण पडले तर हसण्यापूर्वी पडद्याचा आवाज बंद करा आणि तेच गाणे त्याला साथीशिवाय एकदा म्हणायला सांगा. आमच्या शाळेत आता शनिवारचे भजन तो मुलगा सांगतो, काळी एकमध्ये. लहान मुले वरच्या सप्तकात त्याच्यामागे म्हणतात. पेटी माझ्याकडे असते, आणि सुरुवातीला मी त्याला रीतीप्रमाणे पट्टी विचारतो.