पोलादी गुरू, मानवी मूठ: ‘मॅग्नस, रोबोट फायटर’च्या पहिल्या अंकाचे पुनर्वाचन

रस मॅनिंग यांच्या ‘मॅग्नस, रोबोट फायटर’ या अमेरिकन चित्रकथामालिकेचा पहिला अंक गोल्ड की या प्रकाशनसंस्थेने १९६३ मध्ये काढला. इसवी सन ४००० मधील नॉर्थ ॲम ह्या महानगरातील यंत्रमानवांवर विसंबून शिथिल झालेली माणसे आणि नुसत्या हाताने पोलाद फोडणारा नायक पाहता, ही कथा मानव विरुद्ध यंत्र या सरळ द्वंद्वावर उभी असल्याचे वाटते. संहितेतील एक तपशील मात्र हे द्वंद्व टिकू देत नाही. मॅग्नसला वाढवतो आणि घडवतो तो वन-ए हा यंत्रमानवच.

माणसाला इजा न करण्याचा नियम पाळणारा वन-ए आणि तो मोडणारे त्याचे जातभाई यांच्यामुळे नैतिकतेची सीमारेषा यंत्रांच्याच जगातून जाते. शिवाय पोलादाशी झुंजण्यासाठी नायकाचा हातही पोलादासारखा व्हावा लागतो. म्हणजे येथे मनुष्यत्व उपजत नाही, ते संस्कारजन्य आहे. आणि तो संस्कार यंत्राने केलेला आहे. अंक हा निष्कर्ष उच्चारत नाही. फुटणाऱ्या पोलादाच्या दृश्यसुखाखाली तो झाकला जातो. पुनर्वाचनाचे प्रयोजन नेमके तेथे आहे.